कुणाची गं तू?

आमच्या हिर्डोशीच्या बाजूला पोर बोलायला लागलं की त्याला सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर शिकवतात. प्रश्न असा: "कुणाची गं तू?" उत्तर नुसत्या नावानं भागत नाही. बापाचं नाव, आज्याचं नाव, वाडी, गाव, आणि विचारणारा लांबचा असला तर मामाचं गावसुद्धा. एवढं एका दमात सांगितलं की विचारणारा म्हणतो, "हां, म्हंजी अमक्याची नात व्हय!" आणि मग तुम्ही कोणीतरी होता. जे पोर तोंड शिवून उभं राहतं त्याच्या आईला ऐकून घ्यावं लागतं, "वळण न्हाई लावलं पोरीला."

मला हे उत्तर एकदा फार उपयोगी पडलं. लहानपणी भोरच्या स्टँडवर आईचा हात सोडून मी भलत्याच एसटीत चढले. गाडी सुटल्यावर कंडक्टरनं विचारलं, "कुणाची गं तू?" मी रडत रडत, पण बिनचूक सांगितलं. समोरून येणारी गाडी थांबवून त्यानं मला तिच्या ड्रायव्हरच्या हवाली केलं आणि ड्रायव्हरनं स्टँडवर आईच्या. आईनं आधी मारलं आणि मग म्हणाली, "सांगता आलं म्हणून वाचलीस."

तेव्हा हे उत्तर म्हणजे आमच्याकडच्या पोरांचं संरक्षण होतं. धुक्यात वाट चुकली, जत्रेत हात सुटला, तर तेच उत्तर पोराला घरी आणायचं. हे आधी सांगते, कारण पुढं मलाच ते पोरांना विसरायला शिकवावं लागलं.

मी भोरच्या कॉलेजात बी.कॉम. झाले. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगते, आणि तो मोठेपणाच आहे. पदवीनंतर भोरमध्येच एका क्लासात कॉम्प्युटर शिकले आणि विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या एका शाळेत पाचवी ते सातवीला कॉम्प्युटर शिकवायला लागले. मोबाईल आले होते, पण रेंजसाठी टेकाडावर जाऊन उभं राहावं लागे, असा तो काळ. पुण्याच्या कुणी देणगीदारांनी शाळेला जुनी मशीनं दिली होती. खिचडीचा तांदूळ ठेवायची खोली रिकामी करून ती तिथं मांडली. पहिले काही महिने कळफलकातून तांदळाचे किडे निघत.

त्यातल्या एकाच मशीनला इंटरनेट होतं, शाळेच्या टेलिफोनवरून. ते जोडताना मोडेमच्या डब्यातून कर्र कुईं असा आवाज यायचा आणि पोरं एका सुरात तो आवाज काढायची. हेडसरांनी फोन उचलला की इंटरनेट तुटायचं. मी पोरांना ईमेल शिकवला. चॅटिंग मात्र मी शिकवलं नाही, ते त्यांनीच शोधून काढलं. एका खोलीत अनोळखी माणसं येतात, लिहितात, जातात. खोली म्हणायची, पण भिंत नाही, दार नाही, उंबरा नाही. पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. मी मागं उभी राहून वाचायची. कोण कुठल्या शहरातून लिहितंय याचंच त्यांना अप्रूप होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

सहावीत एक मुलगी होती. हुशार म्हणजे हात वर करणारी हुशार नव्हे. दुसऱ्याचं चुकलं की ओठ दाबून हसणारी हुशार. घर शेतकऱ्याचं. थोरल्या बहिणीला सातवीनंतर घरी बसवलं होतं आणि पुढं तिचं लग्न लावून दिलं होतं. धाकटीचं काय करायचं हे अजून ठरलं नव्हतं. वडील म्हणत, "बघू, सातवी तर होऊ दे." ह्या "बघू"चा अर्थ त्या मुलीला पक्का ठाऊक होता. म्हणून ती एकही दिवस शाळा चुकवत नसे. ताप अंगावर काढून यायची.

वेल्ह्याच्या बाजारात एका दुपारी तिची चुलती मला भेटली. हातात मेथीची जुडी, चेहरा खूश.

"बाई, तुमचे सर येऊन गेले बरं का."

"कुठले सर, काकू?"

"ते पुण्याचे. कॉम्प्युटरवाले. मोटारसायकलवरनं आलते. चा घेतला, पोहे न्हाई म्हणले. लई मायाळू माणूस. आमच्या पोरीला चॉकलेटं ठिवून गेले."

आमच्या शाळेला पुण्याचे कुणी सर नव्हते. कॉम्प्युटर शिकवणारी मी एकटी.

"नाव काय सांगितलं त्यांनी?"

"सर म्हणले. सरांना का नाव इचारायचं आसतं?" काकू हसल्या. "पोरगी शाळंत हुती म्हणून भेट झाली न्हाई. पुढल्या बाजारी गाडी घेऊन येतो म्हणले, तिला पुण्याचा मोठा कॉम्प्युटर दावायला न्यायला."

"घर कसं सापडलं त्यांना?"

"आवो, स्टँडवर इचारलं की कुणीबी दावतंय. चावाल्यानं तर माणूस संगं दिला."

दुसऱ्या दिवशी मी मुलीला मशीनपुढं बसवलं आणि विचारलं. लपवायचं काही असतं हे तिला माहीतच नव्हतं. तिनं उत्साहानं सगळं सांगितलं. त्या माणसानं लिहिलं होतं, नाव काय? तिनं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आणि मराठीच्या तासाला पत्रलेखनात शिकवतात तसं मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं लिहिलं. घरी कोण कोण असतं, असं विचारल्यावर तिनं माणसं सांगून म्हशीही सांगितल्या, एक दुभती आणि एक गाभण. वडील कधी घरी नसतात हे त्यानं विचारलं तेही सांगितलं. आणि शेवटी, आमच्याकडं कुणी निघालं की म्हणतात तसं, "या एकदा घरी जेवायला. स्टँडवर उतरा, कोणालाही विचारा."

"त्यांना तू विचारलं नाहीस, तुम्ही कुणाचे म्हणून?"

"इचारलं की. गाव कंचं इचारलं. तर पुणे म्हणले."

"पुणे म्हणजे गाव झालं का? पुण्यात कुठं? कुणाचे?"

ती माझ्याकडं जरा नाराजीनं बघत राहिली. "बाई, मोठ्या माणसाला दोनदा कसं इचारायचं? त्यांनी सर म्हण म्हणलं. म्या सर म्हणलं."

तिचं काहीही चुकलं नव्हतं. तिला जे जे वळण लावलं होतं ते सगळं तिनं पाळलं होतं. विचारलं की सांगावं, मोठ्यांना उलट विचारू नये, जाणाऱ्याला जेवायला बोलवावं. कंडक्टरपुढं मी जे केलं तेच तिनं केलं होतं. फरक एवढाच की कंडक्टर मला दिसत होता.

हेडसरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "घरी सांगितलं तर पोरगी शाळेतनं जाईल, बाई. तिच्या बापाला मी ओळखतो."

"आणि नाही सांगितलं तर पुढल्या बाजारी तो परत येईल."

"तेही खरंय." चष्मा त्यांनी परत लावला. "तुम्हीच सांगा. माझ्यानं व्हायचं नाही."

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. वडील गोठ्यापुढं उभ्यानं ऐकत होते. मी चॅटिंग म्हणजे काय हे समजावलं, तो माणूस आमचा कुणी नाही हे सांगितलं, पुढल्या बाजारी काय काळजी घ्यायची तेही सांगितलं. काकू दाराआड उभ्या होत्या. "आगं बया, आन् म्या त्याला साखर जास्तीची घातली," एवढं त्या पुटपुटल्या.

माझं बोलून झाल्यावर वडील म्हणाले, "बाई, तुमी सांगायला आलात हे बरं केलं. पुढला बाजार होऊ दे, मंग सोमवारी येतो दाखल्याला."

"दादा, तिची चूक नाही."

"चूक कुणाची का आसंना. आमची थोरली शिकली न्हाई, तिच्या घरी असला पाहुणा कधी आला न्हाई."

ह्यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण ते गोठ्यापुढं उभं राहून देण्यासारखं नव्हतं. मुलगी आत चुलीपुढं बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

वेल्ह्याच्या ठाण्यात मी आणि हेडसर जाऊन आलो. तिथल्या हवालदारांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाव?" आम्ही म्हणालो, माहीत नाही. "गाव?" पुणे. ते म्हणाले, "एवढ्यावर काय शोधायचं?" पण बाजारच्या दिवशी त्यांनी स्टँडवर माणूस ठेवला. मुलीचे वडील आणि आळीतले आणखी काही जण चहाच्या टपरीवर बसून राहिले. तो आला नाही. त्याला कुणी सांगितलं, की त्याला स्वतःलाच काही वाटलं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. वर्गातल्या मशीनवरून त्याचं नाव मी काढून टाकलं. नाव म्हणजे काय, चार अक्षरं आणि पुढं आकडे.

सोमवार यायचा होता. मुलगी शाळेत येत होती, पण तिनं दप्तरातून वही काढायचं सोडून दिलं होतं.

मी काय करणार होते? व्याख्यान देऊन पाहिलं होतं. "अनोळखी माणसाला माहिती देऊ नये," असं फळ्यावर लिहिलं. पोरांनी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. मग मी एकाला विचारलं, "अनोळखी म्हणजे कोण?" तो म्हणाला, "चोर." "चोर कसा असतो?" "काळा. दाढीवाला." दुसरी म्हणाली, "सर असला तर अनोळखी नसतो." म्हणजे लिहिलेलं कुणाच्याच कामाचं नव्हतं.

म्हणून मी खेळ काढला. आमच्या त्या खोलीला जाड फळ्यांचं दार होतं. दार लावलं की बाहेरचा माणूस दिसत नसे, आवाज तेवढा येई. मी पोरांना म्हणाले, "हे दार म्हणजे कॉम्प्युटर. पलीकडं कोण आहे ते दिसत नाही. मी बाहेरून विचारणार. नाव, गाव, घर, शाळा, घरी कोण कधी असतं, यातलं काहीही जो सांगेल तो आउट."

मी बाहेर गेले. आवाज गोड केला. "कुणाचा रे तू, बाळा?"

आतून ताबडतोब बापाचं नाव आलं. मग एकच गिल्ला. "आउट! आउट!"

दुसरा शहाणा होता. "न्हाई सांगणार," तो म्हणाला.

"शाबास. कुणी शिकवलं रे इतकं छान?"

"आमच्या बाईंनी."

"कुठल्या शाळेतल्या?"

त्यानं शाळा सांगितली.

तिसरी म्हणाली, "आमी नाव सांगत न्हाई. आमचं घर देवळामागं हाय, पण त्येबी सांगत न्हाई." ही आउट कशी हे तिला पटवायला अर्धा तास गेला.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. धाक घातला की पोरं गप्प बसत. पण गोड बोललं, शाबासकी दिली, "बिच्चारा मी, मला वाट सापडत नाही" असं म्हटलं, की लगेच सांगून टाकत. वाट चुकलेल्याला वाट न सांगणं त्यांना पाप वाटे. आमच्या भागात ते पापच आहे. धुक्यात माणूस कड्यावरून जाईल. मी त्यांना म्हणाले, "रस्त्यावर उभा आहे, तोंड दिसतंय, त्याला वाट सांगा. जरूर सांगा. पण घरची वाट नाही, रस्त्याची. आणि ज्याचं तोंड दिसत नाही त्याला कुठलीच नाही. तो वाट चुकलोय म्हणाला तर आईला हाक मारायची, बाईंना हाक मारायची. आपण एकट्यानं सांगायची नाही."

पोरांनी हे आपल्या पद्धतीनं लहान केलं. मधल्या सुट्टीत ती ओरडत फिरत, "तोंड न्हाई त्याला गाव न्हाई!" मला ह्याचा अभिमान वाटला. पण एकाचा मामा पानशेतकडून आला तेव्हा भाच्यानं दार लावून घेतलं आणि आतून म्हणाला, "आधी पासवर्ड." मामा हेडसरांकडं तक्रार घेऊन आला. "पासवर्ड म्हंजी काय वो? आन् त्यो मलाच का इचारतंय ह्ये बेणं?" हेडसर माझ्याकडं बघत राहिले. मग मामा म्हणाला, "सांगितला न्हाई म्हणून भाईर पायरीवर बसून ऱ्हायलो." आणि स्वतःच हसला.

सोमवारी खेळ उलटा लावला होता. त्या दिवशी पोरं आत, विचारणारी. मी बाहेर, उत्तर न देणारी. मला आउट करायचं. आवाज ओळखू येऊ नये म्हणून ती तोंडाला ओढणी, टोप्या, काय काय लावून बोलत होती. त्या मुलीला मी मुद्दाम आत दारापाशी उभं केलं होतं. तिला माहीत होतं वडील आज यायचे आहेत. पण ती खेळत होती. पोरं खेळतातच.

मी दारापाशी उभी असताना वडील आले. धुतलेला सदरा, हातात टोपी. माझ्यापाशी येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, हेडसर हायती का? दाखल्याचं—"

इतक्यात दारामागून एक आवाज आला. जाड केलेला, पण फार गोड. "कोण आलंय? पाहुणं दिसताय. कुणाचं वो तुमी?"

मी बोट ओठावर नेलं, पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. प्रश्न कानावर पडला आणि त्यांनी टोपी काखेत धरली, दाराकडं तोंड केलं, आणि सांगायला सुरुवात केली. स्वतःचं नाव. वडिलांचं नाव. आळी. घर चिंचेपलीकडचं.

"बरं बरं," आतला आवाज म्हणाला. "आन् घरी कोण आसतंय दिवसा?"

"दिवसा कोण आसणार? आमी समदी रानात. भावजय तेवढी आसती."

मग खोली फुटल्यासारखी झाली. पोरं बाकं बडवत होती. "आउट! आउट! पाहुणं आउट!" कुणीतरी दार ढकललं. दारात ओढणीचा बोळा हातात धरून त्यांची मुलगी उभी होती. तिला वाटलं होतं मीच तिच्या वडिलांचं सोंग घेतेय; खरेच वडील दिसले आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

वडिलांनी तिच्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. काय झालं हे त्यांना मी सांगण्याआधीच समजलं होतं. ते पायरीवर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"इचारलं की सांगावं लागतंय," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

"हो," मी म्हणाले.

"ही लहान हुती. हिचा आजा आलता, आईचा बाप. त्यानं इचारलं कुणाची तू, आन् ही थोबाड बंद करून उभी. लई हाणली म्या हिला. बोलती करून सोडली." थोडा वेळ ते टोपीची शिवण बघत राहिले. "आन् आता बोलली म्हणून घरी बसवायला आलोय."

मुलगी हलली नाही. मी तिला आत जा म्हणाले नाही. हे तिच्याबद्दलच चाललं होतं, तिनं ऐकायला हवं होतं.

"दादा, इथं मशीनवर कुणाला एकटं बसवत नाही आता," मी म्हणाले. "मशीनचं तोंड दाराकडं केलंय. कुणीही यावं, बघावं. तुम्हीसुद्धा. पण हिला घरी बसवलं, तर हिला आता जे येतं ते घरात कुणालाच येणार नाही. तुम्हाला आलं नाही, काकूंना आलं नाही."

ते उठले, सदरा झटकला. मुलीला म्हणाले, "परत इचार बरं."

तिनं घाबरत घाबरत, आपल्याच बारीक आवाजात विचारलं, "कुणाचं वो तुमी?"

त्यांनी ओठ मिटले. पोरं श्वास धरून बघत होती. ते तसेच उभे राहिले, आणि मान नाही अशी हलवली. मग मला म्हणाले, "लई अवघड हाय वो हे."

"सवयीनं जमतं."

"दाखला ऱ्हाऊ द्या. हितंच शिकू दे." टोपी डोक्यावर ठेवून ते निघाले. फाटकापर्यंत गेले आणि परत वळले, जणू एक गोष्ट राहून गेली होती. "बाई, इतकं येणंजाणं झालं, पर तुमास्नी इचारलंच न्हाई. तुमी कुणाच्या म्हणायच्या?"

आतून पोरं ओरडली, "बाई, सांगू नका! बाई!"

पण ते समोर उभे होते. त्यांचं तोंड मला दिसत होतं. मी सांगितलं. वडिलांचं नाव, आज्याचं, वाडी, हिर्डोशी, मामाचं गाव, आणि शेवटी बी.कॉम. हेही सांगितलं.

"बाई आउट!" पोरं म्हणाली.